चार फुटी कुंपण, आठ फुटी हरीण

न्यू जर्सी,
२८ जून

ती. बाबा आणि ती. आईस,


आई, आधी तुझ्या पहाटेच्या फोनचं उत्तर देते, म्हणजे तू नीट जेवशील तरी. तुमच्या जावयाच्या दंडावर होती ती गोचीडच, पण खसखशीएवढी, आणि लगेच चिमट्याने काढली. इथे ती हरणांमुळे पसरते. १९७५ च्या सुमाराला कनेक्टिकटमधल्या लाइम गावात मुलांचे सांधे सुजायला लागले, तेव्हा तिच्यामुळे होणारा आजार ओळखीस आला. म्हणून त्याला गावाचंच नाव. गोचीड दिवस-दीड दिवस चिकटून राहिली तर खरा धोका. तरी डॉक्टरला दाखवलंय. आता मकरंद वाफ्याकडे जाताना पँट मोज्यात खोचतो, आणि थेट पप्याच्या मुंजीला सायकल हाणत आलेले बंडूकाका दिसतो. त्याचा तसा फोटो ग्रुपवर टाकल्याबद्दल सईला ओरडले आहे, तुम्ही लाड करू नका.

कुकर लावलाय, तेवढ्यात होईल तेवढं लिहिते.

बाबा, ‘एवढी जमीन असताना वर उचलून वाफा कशाला?’ म्हणालात. मागचं अंगण म्हणजे रानच आहे, ओक आणि मेपलचं. मेपलची मुळं अगदी वरच्यावर पसरतात. कुदळ मारली की मुळावरच बसते. म्हणून सीडरच्या फळ्या ठोकून चार बाय आठ फुटांची, दहा इंच उंच चौकट केली. तीही बुंध्यापासून लांब, कारण खोडाशी माती चढवली तर झाड कुजतं. आणि ती भरायला माती विकत आणली. हो, माती. दीड घनफुटाचं पोतं दहा डॉलरला, अशी अठरा पोती. रुपयांत सांगणार नव्हते, पण तुम्ही हिशेब करणारच: पंधरा हजारांच्या वर. एवढ्यात तुम्ही चिऱ्याचा गडगा घालून वर गड्याला जेवू घातलं असतंत. पोत्यावर काय छापलंय, तर ‘जंगलातल्या पालापाचोळ्यापासून’. आमच्याकडे हिवाळ्याआधी ढोपरभर पाचोळा पडतो, आणि तो उचलून न्यायलाही आम्हीच पैसे देतो!

त्यात आमची सोसायटी. कुंपण चार फुटांहून उंच चालणार नाही. हरीण आठ फूट उडी मारतं. हा नियम हरणांना कळवलाय का, असं मी अर्जात विचारलं, तर ‘आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे’ असं उत्तर आलं. वाफ्याचा नकाशा जोडायचा, लाकडाचा रंग मंजूर तपकिरींपैकीच हवा, आणि काय लावणार त्याची यादी द्यायची. समिती महिन्यातून एकदाच बसते. आपल्या ग्रामपंचायतीत निदान चहा तरी मिळतो.

माईआत्यापासून सगळ्यांचं एकच, टोमॅटो लाव, मिरची लाव. (आत्याचा गुडघा आता कसा आहे? ती जिना चढून लोणची बघायला जाते असं कळलं. तिला कोणी अडवत कसं नाही?) टोमॅटोला सहा-आठ तास ऊन लागतं. आमच्याकडे तेवढं ऊन एकाच कोपऱ्यात, आणि तिथे काळा अक्रोड उभा. त्याच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य झिरपतं. टोमॅटो-वांगी शेजारी लावली तर उभ्या उभ्या माना टाकतात. मला नानाकाकाच आठवले. त्यांचं नव्या भाडेकरूशीही वाजलं का?

राहिली सावली. सावलीसाठी नर्सरीवाले होस्टा दाखवतात. हरणांना ती मेजवानीच. ट्रिलियमचं फूल फार देखणं, पण बी पेरलं तर फुलायला सातेक वर्षं, तोवर सई कॉलेजात. रानआलंही मिळतं, पण बाबा, ते चहात घालायचं नाही, मूत्रपिंडाला घातक असतं. शेजारच्या आजींनी ऑस्ट्रिच फर्न दिले, ते कडेने लावले. हरणं त्यांना सहसा विचारत नाहीत.

मग नर्सरीच्या फळीवर शोभेच्या झाडाचे कंद दिसले, एकेक पंधरा डॉलरला. पाकिटावर चित्र कशाचं, तर अळवाचं! आपल्या न्हाणीच्या पाण्यावर माजतं तेच. मी पाकीट होतं तिथे ठेवलं आणि इंडियन स्टोअरमधून दोन डॉलरच्या अळकुड्या आणल्या, डोळे फुटलेल्या निवडून. समितीच्या यादीत शास्त्रीय नाव लिहिलं, कोलोकेशिया एस्क्युलेंटा. ‘निवड अभिरुचीपूर्ण आहे’ असा शेरा आला. त्या अभिरुचीचं आम्ही फदफदं करणार आहोत. शिवाय ते खाजरं, म्हणून हरीणही सहसा तोंड लावत नाही.

शेजारी हळद आहे. फेब्रुवारीतच स्वयंपाकघरात कुंडीत लावली होती. गड्ड्यांची आशा नाही, तेवढे महिने ऊब कुठून आणू? नागपंचमीला पातोळ्यांपुरती पानं मिळाली की झालं. ऑक्टोबरात थंडीचा कडाका पडायच्या आत सगळं खणून तळघरात ठेवायचं.

परवा अळवाचं पहिलं पान पुरतं उलगडलं. देठ काळा आहे आई, वडीचाच. तुला फोन केला तर चिंच किती, बेसन किती, सगळं सांगितलंस, आणि मग ‘देवळामागे पाऊस धरलाय गं’ म्हणून गप्पच झालीस. मी स्प्रिंकलर बंद करायचाय म्हणून फोन ठेवला. आमच्याकडे स्प्रिंकलर नाहीये.

बाबा, यापुढे मेतकुटाच्या डब्यात पडवळाचं बी लपवू नका. प्रमाणपत्राशिवाय बी आणायला इथे मनाई आहे. कढीलिंबाचा डहाळाही नको, त्यावरून लिंबा-संत्र्यांना रोग लावणारी कीड येते म्हणून ताज्या पानांना बंदी. कोकमं पाठवा, खुशाल दुप्पट पाठवा.

पप्याने मुलगी बघून ‘विचार करून सांगतो’ म्हटलं म्हणे. त्याला म्हणावं, एवढा विचार करण्याची तुला सवय नाही, उगाच आजारी पडशील. आणि फणसाच्या फांदीचं काय ठरलं? फांदी शेजाऱ्यांच्या अंगणात गेली तरी फणस आपलेच, असं बाबांनी भर पारावर सांगितलं हे खरं का? खरं असेल तर आई, त्यांना आवर. आणि फणस आपल्याकडेच आले असतील तर थोडे गरे वाळवून ठेव.

तुमची,
मनू