पाठ केलेलं स्वमत

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाची कृती असते. उताऱ्यावर किंवा कवितेवर मुलानं स्वतःला काय वाटतं ते लिहायचं. या स्वमताची तयार उत्तरं गाइडात छापून येतात, क्लासमध्ये ती उतरवून घेतली जातात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं ती घोकत बसतात. पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःचं मतही दुसऱ्याकडून आणावं लागतं, याची कुणालाच लाज वाटत नाही. मला वाटते.

याची सुरुवात फार आधी होते. 2010 साली राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. शिक्षकानं मुलाकडे वर्षभर नीट पाहायचं, ते कसा विचार करतं, काय नवं सुचवतं, ते टिपायचं. कल्पना चांगलीच होती. पण लवकरच अशा नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, मोबाइलवरून फिरू लागल्या. 'स्वतःच्या कल्पनेने चित्र काढतो', 'गोष्टीचा शेवट बदलून सांगतो' ही वाक्यं पटसंख्येप्रमाणे वाटून दिली की नोंदवही पूर्ण. मुलानं गोष्टीचा शेवट बदलला की नाही, हे विचारायला कुणी येत नाही. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, वर पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती. त्यांना वेळ नाही हे खरं. तरीही न पाहिलेल्या मुलाबद्दल लिहिलेली नोंद खोटीच असते.

'कल्पकता कशी मोजणार?' असं विचारून अधिकारी हात वर करतात. मोजता येते. जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञानं 1950 साली हा विषय मांडला, पुढे चाचण्याही तयार झाल्या. विटेचे किती उपयोग सुचतात? त्यांत खरोखर वेगळे किती? इतरांना न सुचलेला एखादा आहे का? पुण्यात 1962 पासून काम करणाऱ्या ज्ञान प्रबोधिनीनं गिलफर्डच्या सिद्धान्ताच्या आधारे आपल्या मुलांसाठी चाचण्या बनवल्या. याच संस्थेचं ग्रामीण काम पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्यात आहे. ज्ञान इतकं जवळ असूनही झेडपीच्या वर्गापर्यंत ते पोचलेलं नाही.

2022 च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय परीक्षेत पंधरा वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारक्षमता पहिल्यांदा तपासली. साठापैकी 41 गुणांची सरासरी घेऊन सिंगापूर पहिलं आलं. विकसित देशांची सरासरी 33 होती. भारत त्या परीक्षेत नव्हताच. सिंगापूर गणितातही पहिलं आलं. म्हणून 'आधी अभ्यास, मग कल्पकता' हे पालकांचं म्हणणं मी मानत नाही.

हे वर्गात कसं करायचं? उत्रोलीचं उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातलंच, भोरला खेटून असलेलं गाव. जवळच भाटघरचं धरण, साडेतेवीस टीएमसीचं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं आणि उन्हाळ्यात भोरच्या डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. सातवीच्या मुलांना हा प्रश्न द्या: धरणाच्या तालुक्यात टँकर का लागतो, आणि तुम्ही काय कराल? उत्तर कुठल्याच गाइडात नाही. गावात एमआयडीसी येणार, ही चर्चा तर या मुलांच्या जन्माआधीपासूनची आहे. विचारा त्यांना: कारखाना आलाच तर कशाचा असावा, आणि भातखाचरांचं काय करायचं? मग वह्या वाचा. एकच उपाय पाच प्रकारे लिहिलाय की पाच उपाय खरंच वेगळे आहेत? आपल्या उपायातली खोट मुलीनं स्वतः ओळखली का? ती दुरुस्त केली का? एवढं पाहिलं की नोंद आपोआप लिहिली जाते, आणि ती खरी असते. यासाठी टॅब लागत नाही, प्रशिक्षणाचा चहा-नाश्ता लागत नाही. मुलांचं लिहिलेलं वाचायला शिक्षकाला सवड लागते.

लीलाताई पाटलांनी 1985 साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांचे प्रश्न आणि आजूबाजूचा परिसर हाच तिथला अभ्यास. त्या शाळेचं कौतुक महाराष्ट्रानं पोटभर केलं. तसं शिकवायला मात्र फार थोड्या शाळा तयार झाल्या.

पुणे जिल्ह्याला शिष्यवृत्ती परीक्षेचा मोठा अभिमान. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फ्लेक्स लागतात, लागू देत. ती मुलं कष्ट करतात. पण त्या परीक्षेत उत्तरं आधीच छापलेली असतात, मुलानं फक्त गोल काळा करायचा. छापलेल्या चारांपलीकडचा पाचवा पर्याय शोधणारी मुलगी तिथं वेळ वाया घालवते, म्हणून मागे पडते. तिचा फ्लेक्स कोण लावणार?

शिक्षण खात्यानं तयार नोंदींच्या याद्या वापरण्यावर बंदी घालावी आणि प्रत्येक सत्राच्या चाचणीत गावातलाच एक प्रश्न सक्तीचा करावा. तोवर पालकांनी थांबू नये. उत्रोलीकरांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला प्रगतीपत्रक बाजूला ठेवा आणि तुमच्या मुलानं कुठूनही न उतरवता लिहिलेलं एक पान दाखवायला सांगा.