भोक झाकलं, मागचं काय?

यामाहा आर-१५सारख्या गाडीचा फेअरिंगवरचा, म्हणजे पुढच्या कवचावरचा, आरसा मागच्या रस्त्यापेक्षा आपलंच कोपर जास्त दाखवतो. म्हणून तो काढावा, हे मान्य. पण मग भोकं उरतात आणि खरी काळजी तिथून सुरू होते. ती झाकायला वर ॲल्युमिनियमची काळी पट्टी, खाली रबरी वॉशर. बोल्टही आखूड हवा, कारण जुन्याच्या लांबीत आरशाचं बूडही धरलेलं असतं. इतकी मापं घेणारा माणूस हँडलच्या टोकाला आरसे लावायचं मात्र ‘नंतर बघू’ म्हणतो. बघणार कशात? मान वळवून बघतो, असं कुणी म्हणेल. वळवावीच, पण तेवढ्यात पुढची रिक्षा थांबते. टोकाच्या आरशांनी गाडी रुंद होते, हेही खरं. म्हणून तर दुमडणारे मिळतात. १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम आरसा मागतात, झाकण नव्हे.