मूर्खांना मुजरा

सुखाचा हक्क मागायला घोटीसारखी सोयीची जागा नाही. मुंबई-आग्रा महामार्ग दारातून जातो, कळसूबाई-भंडारदऱ्याची वाट इथूनच फुटते, इगतपुरीचं विपश्यना केंद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. आठवडाभर राबलेल्या माणसाला दोन दिवस सुख हवंसं वाटलं तर त्यात वावगं काही नाही. पण हवंसं वाटणं वेगळं आणि हक्क सांगणं वेगळं.

त्याच रस्त्याकडेच्या खाचरात बाया भाताची आवणी करत असतात. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पोटरीपर्यंत चिखल, डाव्या हातात रोपांची जुडी. अंगठ्यानं रोप खोचायचं, एक पाऊल मागं सरकायचं, पुन्हा वाकायचं. सुखाचा हक्क खरोखरच असेल तर तो आधी यांचा. आणि यांचा तो कुणी द्यायचा, हे विचारलं की हक्कवाले गप्प होतात. 1776 च्या अमेरिकन जाहीरनाम्यानंही सुखाच्या शोधाचीच मोकळीक दिली, सुखाची हमी दिली नाही. आपल्या घटनेचं एकविसावं कलम जीविताचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करतं, सुखाचा शब्द त्यात नाही. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी 1963 साली, मरणाच्या जरा आधी, सुखाच्या हक्काच्या नावाखाली जोडीदाराला टाकणाऱ्यांवर लिहिलं आणि असा हक्क कुणालाच नाही असं ठणकावलं. मला ते पटतं.

पण सुखावरचा हक्क सोडणारा जगाला मूर्ख वाटतो. म्हणून मी मूर्खांच्या बाजूचा. क्रूसाची गोष्ट जगाला मूर्खपणाची वाटते हे पौलानं करिंथकरांना लिहून ठेवलंच आहे. इरॅस्मसनं 1511 सालच्या आपल्या पुस्तकात मूर्खतेलाच भाषणाला उभं केलं, आणि तिनं शेवटी ख्रिस्ताच्या अनुयायांना आपल्याच गोतात घेतलं. त्या गोतात आपल्याकडचे रेव्हरंड नारायण वामन टिळक शोभून दिसतात. कवी म्हणून नाव झालेलं, विद्वान ब्राह्मण, सगळं सुरळीत चाललेलं. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेऊन जात, नातीगोती, मान एका दिवसात घालवून बसले. पैसा हातात टिकला नाही. घरात कुणाकुणाची पोरं वाढली. 1917 साली मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. एवढा पक्का मूर्ख मराठी मुलखात क्वचित झाला, आणि हे मी मान झुकवून म्हणतो.

पण या मूर्खपणाला एक हद्द आहे, आणि ती ख्रिस्ती माणसानं तरी विसरू नये. स्वतःचं सुख सोडायला मी मोकळा आहे. दुसऱ्याचं सोडायला नाही. टिळकांनी आपलं सुख सोडलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचं विचारलं नव्हतं. नाशिकजवळच्या जलालपूरची ही पोर, 1880 साली लग्न होऊन आलेली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आश्रयानं वर्षानुवर्षं पोळत राहिली. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला या पानांवर टिळकांचा राग येतो, आणि तो यायलाच हवा. आवणीतल्या बाईला कमी मजुरी देऊन ‘सुख कुणाच्या हक्काचं नसतं’ असं प्रवचन देणारा मूर्ख नव्हे, लबाड. शेजाऱ्याचं सुख हे माझ्यावरचं देणं आहे. येशूनं भुकेल्याला खाऊ घालायला सांगितलं, त्याला सोसायला शिकवा असं सांगितलं नाही.

लक्ष्मीबाईंनी मात्र 1900 साली स्वतःच्या मनानं, स्वतःचे प्रश्न स्वतः सोडवून बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या त्या बाईनं पुढं प्लेगच्या रोग्यांची सेवा केली, परक्यांच्या मुलांना पोटाशी धरलं. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य जेमतेम सुरू झालं होतं. तक्रारीचा सर्वांत मोठा हक्क जिचा होता तीच ते पुढं लिहायला बसली. टिळकांचे अध्याय मोजकेच. तिनं आणखी चौसष्ट लिहिले.