पुढील मजा पडद्यावर

शहापूरचे माझे मामा आणि मुरबाडचे एक निवृत्त गुरुजी यांचं दुसरं महायुद्ध अजून संपलेलं नाही. दोघेही त्या काळातल्या विनोदी मराठी चित्रपटांच्या चोपड्या जमवतात. चोपडी म्हणजे थेटरात मिळायची ती पुस्तिका: थोडं कथासार, बाकी गाणी.

मामांकडे ‘ब्रँडीची बाटली’ आहे. (चोपडी. मामी प्रत्येक पाहुण्याला हे आधी स्पष्ट करते.) साल १९३९. युरोपात युद्ध, मुंबईत दारूबंदी, आणि पडद्यावर दामुअण्णा मालवणकर ब्रँडी शोधत वणवण हिंडतायत. गुरुजींकडे १९४०चं ‘लग्न पहावं करून’ आहे, दामुअण्णा आणि विष्णुपंत जोग या जोडीचं. त्यावरून मामांच्या पोटात कायम दुखतं.

‘जग पेटलं होतं आणि यांना हसू सुचत होतं?’ असं कुणी म्हणालं की गुरुजी सिद्धगडाकडे बोट दाखवतात. २ जानेवारी १९४३ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ‘त्या वर्षी आमचे वडील हसले असतील, तर जत्रेतल्या तंबू-सिनेमातच,’ गुरुजी म्हणतात. इथे मामासुद्धा वाद घालत नाहीत.

युद्धात कच्ची फिल्म परवान्यावर गेली आणि अख्खा चित्रपट अकरा हजार फुटांत, म्हणजे दोन तासांत, आटपावा लागू लागला. मामांच्या मते मराठी विनोदावर इंग्रज सरकारने केलेला हा एकमेव उपकार. पण फिल्म नायट्रेटची, भुरकन पेटणारी. २००३च्या जानेवारीत पुण्यात जुन्या फिल्मांच्या साठ्याला आग लागली, तेव्हा दोघांनी सुतक पाळलं.

एक चोपडी मात्र दोघांकडेही आहे. (नाव छापलं तर भाव चढेल, म्हणून मला सक्त मनाई.) तो चित्रपट कुठेच सापडत नाही. कथासारात नायक माळ्यावर लपलाय, खाली मुलीचा बाप काठी घेऊन उभा, आणि पुढची मजा म्हणे रुपेरी पडद्यावर पाहायची! गेली ऐंशी वर्षं बिचारा माळ्यावरच आहे. मामा म्हणतात, शेवटी लग्न होतं. गुरुजी म्हणतात, बाप आधी दोन रट्टे देतो.

यंदा म्हसाच्या जत्रेत यावरून दोघांची इतकी जुंपली की घोंगडीवाला मध्ये पडला: ‘पोरगी कुणाची ते सांगा. मिटवून टाकू.’