अर्थिंगवाले नाना

गाडीचं बॉनेट उघडलं की नाना पार्किंगमध्ये हजर. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात टेस्ट लॅम्प, तोंडी निदान तयार: "अर्थिंग गेलंय." हॉर्न वाजेना, अर्थिंग. वायपर अडकला, अर्थिंग. एकदा पेट्रोल संपलं होतं, तेव्हाही नानांनी आधी बॅटरीची पट्टीच हलवून पाहिली.

परवा 'ब' विंगमधल्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागला. वायरमन पोराने स्कॅनर लावला. कोड आला: ड्रायव्हर सीट पोझिशन सेन्सर, सर्किट फॉल्ट. नाना उखडलेच. "सीटला कसला सेन्सर? बसणाऱ्याला कळत नाही का, आपण कुठे बसलोय ते?"

बसणाऱ्याला कळतं हो, एअरबॅगला कळत नाही. सीट स्टिअरिंगला चिकटून असेल तर बॅग जरा बेताने फुगावी म्हणून रुळावरचा हा चिमुकला सेन्सर मॉड्यूलला खबर देतो. दोन वायरी, प्रवाह 20 मिलिअँपिअरसुद्धा नाही. नानांच्या लॅम्पमधला 5 वॅटचा बल्ब एकटाच 400 ओढतो. तो लॅम्प पिवळ्या कपलरकडे निघालेला पाहून पोराने नानांचं मनगटच धरलं. पिवळं म्हणजे एअरबॅगचं वायरिंग, तिथे बल्ब लावला तर बॅग फुटायची. मग त्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडली आणि मॉड्यूलमधला साठलेला चार्ज उतरायला काही मिनिटं थांबला. तेवढ्यात नानांच्या गप्पांमधली जुनी पद्मिनी गाडी खोपोलीहून निघून खंडाळ्याचा घाट चढलीसुद्धा.

सीटखालून एक छत्री, पाण्याची बाटली आणि मुलाचा एक बूट निघाला. पोराने सेन्सर आणि मॉड्यूल, दोन्हीकडची कपलरं सुटी केली आणि मीटर वायर व बॉडीमध्ये धरला. सीट मागे असताना काही नाही. पुढे ओढली की आकडा थेट शून्याजवळ. छत्रीच्या काडीने वायर रुळाखाली ढकललेली, वरचं प्लास्टिक सोलून तांबं बॉडीला टेकत होतं.

म्हणजे काय, तर वायरला नको तिथे अर्थ मिळत होता!

"मी काय म्हणत होतो?" नानांनी सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं विचारलं. गेलेलं अर्थिंग आणि नको तिथे आलेलं अर्थिंग यातला फरक त्यांना सांगायची पोराची काय टाप! त्याने मुकाट्याने वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली आणि कोड पुसला.

तेव्हा मंडळी, सीटखाली छत्र्या कोंबू नका. आणि एअरबॅगचा दिवा लागलाच, तर वायरमन येईपर्यंत नानांच्या हातात चहाचा कप द्या. बशीसकट द्या, म्हणजे दोन्ही हात गुंततील.