झाकली गाडी सव्वा लाखाची

मांडवगण फराट्यात नानांच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गाडी दाखवतात. दाखवतात म्हणजे शटर कमरेपर्यंत वर करून आतल्या पांढऱ्या ढिगाऱ्याकडं बोट करतात. "ही आपली गाडी." पाहुण्यानं जास्तच रस दाखवला तर नाना मॉडेल सांगतात, रंग सांगतात, पण कव्हराला हात लावत नाहीत. रंग निळा आहे, असं गावात सगळे ऐकून आहेत.

गाडी नेक्सॉन. रांजणगावच्या कारखान्यात, म्हणजे आपल्याच शिरूर तालुक्यात बनते म्हणून नानांनी ती मुद्दाम घेतली. 2019 साली उसाचं बिल आणि थोडं कर्ज एकत्र करून गाडी आणली, रांजणगावच्या महागणपतीपुढं नारळ फोडला आणि घरी येऊन झाकली. तिच्यासाठी आधीच गोठ्याची एक बाजू पाडून तीन बाजूंनी विटांची भिंत, वर पत्रा आणि पुढं शटर करून ठेवलं होतं. ऊन येत नाही, पाऊस येत नाही. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता.

नाना कव्हर बघायला दौंडला गेले, तेव्हा मी बरोबर होतो. सीटकव्हरच्या दुकानातल्या पोरानं पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी उघड्यावर लावता का, बाबा?"

"न्हाय. ग्यारेजमदी."

"मग कव्हर कशाला?"

नानांनी त्याला खालपासून वर न्याहाळलं. "तू घरात असतो तवा कापडं घालतो का न्हाय?"

पोरगं गप्प झालं आणि मुकाट्यानं गठ्ठे खाली काढू लागलं. चंदेरी, निळं, आरशांना खिसे असलेलं, पोटाखालून पट्टा जाणारं. कापडाच्या एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, ते तो जीएसएममध्ये सांगायला लागला. त्याला वाटलं, म्हातारा आकड्यांना बिचकेल. पण ज्यानं शेततळ्याला पाचशे मायक्रॉनचा कागद अंथरलाय आणि रोपांवर पन्नास टक्के सावलीची जाळी ताणलीय, त्याला आकडे काय शिकवायचे? नानांनीच त्याची तासभर उलटतपासणी घेतली आणि काही न घेता बाहेर पडले. का, तर सगळीच कव्हरं पातळ.

पातळ नको म्हणून मग ताडपत्री आली. जाड, पिवळी, चारी कोपऱ्यांना काथ्यानं आवळलेली. तो पावसाळा गाडीनं ताडपत्रीखाली काढला. पोळ्याला पूजेसाठी गाडी उघडली तर आत टपावर पाण्याचे थेंब, काचांवर वाफ आणि सीटच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी. पाण्याचा एक थेंब आत जाऊ दिला नव्हता, मग हे आलं कुठून? पुण्याहून आलेल्या पुतण्यानं समजावलं, की ओल जमिनीतून आणि हवेतून येते. प्लॅस्टिकखालून तिला बाहेर पडायला वाट नसते, रात्री पत्रा गार पडला की तिचंच पाणी होतं. उघड्यावरच्या गाडीला पाणी अडवणारं कव्हर लागतं, शेडमधल्या गाडीला नुसतं धूळ अडवणारं, मऊ, हवा जाऊ देणारं सुती कापड पुरतं.

नानांनी दोन मिनिटं विचार केला. "म्हंजी कांदा," ते म्हणाले. "चाळीला खालनं-बाजूनं हवा लागती. कागद टाकून बंद केला का सडला." ज्या माणसानं आयुष्यात एक पिशवी कांदा सडू दिला नाही, त्याच्या हातून गाडीचा कांदा झाला होता. हे त्यांना फार लागलं.

तिथून पुढं नानांचे प्रयोग सुरू झाले. मांडवगणातल्या कापडदुकानात ते ठाणाचं टोक तोंडावर धरून फुंकर मारून बघायचे. पलीकडं हातावर वारा लागला तर कापड पास. मग तेच गालावर घासायचे, कारण खरखरीत कापडानं रंगावर बारीक चरे पडतात. मुलीच्या लग्नाच्या शालूची निवड अर्ध्या दिवसात उरकलेला हा माणूस मांजरपाटाच्या चार प्रतींवर आठवडाभर झोपला नाही.

शेवटी शिंप्याला घरी बोलावलं. साठ इंची टेप, गाडी एकशे सत्तावन्न इंच, त्यामुळं मापं तुकड्यातुकड्यानं घेतली. लांबी चार मीटरला सहा मिलिमीटर कमी निघते, हेही तेव्हाच कळलं. चार मीटरच्या आतल्या गाडीवर सरकार कर कमी लावतं, म्हणून कंपन्या अशी चोरून लांबी वाचवतात. नानांना ही काटकसर फार आवडली. तीसेक मीटर मांजरपाट लागला, आतून फलालीनचं अस्तर, आरशांना दोन खिसे, खालच्या काठाला इलास्टिक. शिंप्यानं सवयीनं विचारलं, "ढगळ ठेवू का अंगासरशी?"

अशा माणसांना लोक कंजूष म्हणतात. मला तो अन्याय वाटतो. कंजूष खर्च टाळतो, नाना खर्च सढळ हातानं करतात, टाळतात तो वापर. त्यांच्या घरातला टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे आणि सोफ्यावर बसलं की दुकानातला कागद कुरकुरतो. नगरचं रणगाडा संग्रहालय बघायला आम्ही गेलो, तर लढाया खेळून आलेले रणगाडे उघड्यावर उभे. सगळे तोफांच्या नळ्यांबरोबर फोटो काढत होते. नानांनी तिथल्या जवानाला गाठून विचारलं, "रातीचं झाकता का?"

मांजरपाटाच्या कव्हराला नियमही आले. धुळीच्या गाडीवर ते घालायचं नाही, आधी गाडी पुसायची. इंजिन गरम असताना घालायचं नाही. काढताना दोन्ही बाजू टपावर घ्यायच्या, मागून पुढं गुंडाळत आणायचं, आतली बाजू जमिनीला टेकता कामा नये. ऊसतोडीच्या दिवसांत कुणी पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येऊन शटरच्या फटीतून आत शिरते. त्या दिवसांत कव्हर काढायलाच बंदी. फड मोकळे झाले की उंदीर घराकडं वळतात, आणि कव्हराखालच्या अंधारासारखी जागा त्यांना तरी कुठं मिळणार? म्हणून दर रविवारी बॉनेट उघडून वायरी तपासायच्या. म्हणजे गाडी न चालवण्याचं काम चालवण्यापेक्षा वाढलं.

मध्यंतरी काष्टीला भाच्याचं लग्न होतं. मुहूर्त साडेबाराचा. नानी नऊवारी नेसून अकरापासून ओट्यावर बसल्या होत्या. नाना कव्हराची मागून पुढं वळकटी करत होते. पावणेबाराला आत एक भोक दिसलं, उंदराचं का खिळ्याचं, याचा तपास सुरू झाला. वऱ्हाडाच्या टेंपोवाल्यानं वाड्यापुढं हॉर्न दिला. नानी उठल्या, पिशवी घेतली आणि टेंपोत जाऊन बसल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "आवो, अक्षता टाकून येते, तवर मिळालं का बघा भोक."

नानांची स्वतःची ये-जा जुन्या एम-एटीवर. ती कडुलिंबाखाली उघडी असते, कावळे तिच्यावर काय काय करतात, आणि एका किकमध्ये चालू होते. याचा नाना काही अर्थ लावत नाहीत.

यंदा पोरानं लावून धरलं, की गाडी विकून टाका, नुसतं कर्ज फेडताय. केडगावकडचं एक गिऱ्हाईक आलं. नानांनी नियमानं कव्हर काढलं, आणि खरोखर निळी गाडी बाहेर आली. आरशासारखी. गिऱ्हाईकानं मीटर बघितलं, चार हजार किलोमीटर. त्यानं नानांकडं बघितलं, परत मीटरकडं बघितलं.

"नाना, राग नका मानू. मीटर मागं फिरवलाय ना?"

"गाडी चालवलीच न्हाय!"

"सहा वर्सं?" त्यानं बॉनेटवर बोट टेकवून वाजवून बघितलं. "रंगबी नवा दिसतोय. कुटं ठोकली व्हती काय?"

नानांचा चेहरा बघवत नव्हता. एक ओरखडा असता तर सौदा झाला असता. गिऱ्हाईक निघालं, शटरपाशी थबकलं, आणि नाना घालत असलेल्या कव्हराचा काठ त्यानं चिमटीत धरला. अस्तर चाचपलं, आरशाच्या खिशात हात घालून बघितला.

"गाडीचं राहू द्या. पण हे कुटनं शिवलंत?"

नाना खुलले. परत चहा झाला, कांद्याच्या चाळीपासून सगळं सांगून झालं. मग त्यांनी त्याला एम-एटीवर मागं बसवलं आणि शिंप्याकडं घेऊन गेले. गाडी काढली असती, पण नुकतीच झाकली होती.