ट्रेनिंगवाले साहेब

नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात पहिल्या शिफ्टच्या चहाच्या वेळी कँटीनच्या दारात उभे राहा. सगळे लोक आत निघालेले असतात आणि एक गृहस्थ दारातच हजेरीचा कागद धरून त्यांना अडवत असतात. ‘काल बसला होतात ना? मग सही राहिलीय तुमची.’ हेच ट्रेनिंगवाले साहेब. खिशाला तीन रंगांचे मार्कर, त्यातला हिरवा हमखास वाळलेला. गळ्यात ओळखपत्र, त्याच दोरीला पेन ड्राइव्ह. पायात सेफ्टी शूज, पण त्यांवर ऑइलचा एक डाग नाही. माणूस शॉपवर येतो, पण शॉपचा नाही, हे बुटांवरूनच कळतं.

व्हिजिटिंग कार्डावर ते आधी ट्रेनिंग ऑफिसर होते, मग एचआरडी झाले, आता लर्निंग अँड डेव्हलपमेंट आहेत. कामगारांनी मात्र त्यांचं बारसं एकदाच केलं: क्लासवाले साहेब. आणि क्लास म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘साहेब, समोसा आहे का नुसतीच बिस्किटं?’

या माणसाला पुरस्काराची भारी ओढ. ती का, हे समजायचं तर कारखान्यातल्या दिवसाचा हिशेब कसा होतो ते पाहायला हवं. संध्याकाळी प्रॉडक्शनवाला सांगतो, आज इतके नग निघाले. क्वालिटीवाला सांगतो, इतके रिजेक्ट झाले. स्टोअरवाल्याकडे शिल्लक असते, मेंटेनन्सवाल्याकडे बंद पडलेलं मशीन असतं. अगदी कँटीनवालासुद्धा ताटं मोजतो. ट्रेनिंगवाल्यांनी काय मोजायचं? मॅनडेज! म्हणजे किती माणसं किती वेळ खुर्चीवर बसली. त्यातली किती जागी होती, हा रकाना त्या तक्त्यात नाही. तिसरी पाळी करून सकाळी थेट क्लासला आलेला माणूस पंख्याखाली कसा बसतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तो रकाना का नाही तेही ठाऊक आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या. लोकांना आवडलं का, लोक शिकले का, वागणं बदललं का आणि शेवटी धंद्याला फायदा झाला का. साहेबांना त्या तोंडपाठ आहेत. पण इतक्या वर्षांत त्यांचा सगळा मुक्काम पहिल्या पायरीवरच आहे, कारण त्या पायरीचा कागद भरून मिळतो. फीडबॅक फॉर्मवर वरपासून खालपर्यंत ‘उत्कृष्ट’वर एकच उभी रेघ मारलेली असते. ‘काय आवडलं नाही?’ या प्रश्नापुढेही ‘उत्कृष्ट’. ‘आणखी कोणत्या विषयाचं प्रशिक्षण हवं?’ यापुढे कोणीतरी प्रामाणिकपणे लिहितो, ‘जेवणासह.’

ऑडिट जवळ आलं की साहेबांचा भाव अचानक वधारतो. आयएसओ ९००१ मध्ये ७.२ हे कलम कामाच्या क्षमतेचं. माणसाला काम येतं याचा पुरावा दाखवा, असं ते सांगतं. मग शॉपवरचा स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड पुसून पुन्हा लावला जातो. प्रत्येकाच्या नावापुढे एक गोल, त्याचे चार भाग. काम जेवढं येतं तेवढे भाग काळे. त्या दोन दिवसांत अर्धा विभाग काळाकुट्ट होतो. ऑडिटर गेला की साहेबांना पुन्हा कोणी विचारत नाही. मीटिंगसाठी हॉल हवा असला की त्यांचा क्लास उठतो. मटेरियल आलं आणि ठेवायला जागा नसली, तरी उठतो.

तर अशा माणसाच्या मेलबॉक्समध्ये एके दिवशी पुरस्कारवाल्यांचं पत्र येतं, ‘आपली निवड नामांकनासाठी झाली आहे.’ नामांकनासाठी निवड म्हणजे फी भरण्याची परवानगी, हे त्यांना कळतं. प्लांट हेडनाही कळतं. ते चष्म्यावरून बघत विचारतात, ‘यात आपल्याला मिळतं काय?’ साहेब ‘ब्रँडिंग’ म्हणतात. मार्चअखेर जवळ असेल आणि ट्रेनिंगचं बजेट शिल्लक असेल तर सही होते.

पुढचे पंधरा दिवस साहेबांकडे बघत राहावं. एरवी ‘सर्वांनी वेळेवर यावे ही विनंती’ एवढंच लिहिणारा हा माणूस आता साहित्यनिर्मितीला बसतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी सगळ्यांनी गेटजवळ हात पुढे करून घेतलेली शपथ अर्जात ‘बिहेवियरल ट्रान्सफॉर्मेशन जर्नी’ होते. आयटीआयच्या पोरांना मशीनजवळ उभं करून ‘बघ आणि शिक’ म्हटलेलं ‘इमर्सिव्ह लर्निंग’ होतं. शॉपमध्ये एक नाना असतातच, टर्नर. रिटायरमेंटला आलेले. लेथच्या आवाजावरून टूल गेलं की नाही ते सांगणारे. गेल्या कित्येक वर्षांत जी पोरं कामाची झाली ती यांच्या हाताखालून गेली. शिकवण्याची त्यांची रीत म्हणजे पहिला आठवडा पोराला मशीनला हात लावू द्यायचा नाही, नुसती चिप झाडायला लावायची. आणि चुकला की त्याच्या सात पिढ्यांचा उल्लेख करायचा. अर्जात नाना ‘पीअर-टू-पीअर नॉलेज ट्रान्सफर इकोसिस्टिम’ म्हणून येतात. फोटोसाठी त्यांना नवा गॉगल दिला जातो. नाना फोटो काढून घेतात आणि सांगतात, ‘साहेब, ते वरच्या शिफ्टचं पोरगं माझ्याकडं आठ दिवस सोडा. मग बसवा तुमच्या वर्गात कितीबी.’

अर्जातलं खास प्रकरण भंडारदऱ्याचं. आउटबाउंड ट्रेनिंग करायला नगरवाल्यांना जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. अकोले तालुक्यात विल्सन धरणाचं पाणी, समोर कळसूबाई, तंबूवाले तयार, रात्री पिठलं-भाकरी. तिथे डोळे मिटून मागे पडायचा तो प्रसिद्ध खेळ होतो. सहकाऱ्यांनी झेलायचं, म्हणजे परस्परविश्वास वाढतो. मेंटेनन्सचा माणूस पडणार आणि प्रॉडक्शनची माणसं झेलणार, अशी जोडी लावायची चूक साहेब करतात. महिनाभर ‘मशीन कधी देता?’ म्हणून ज्याच्या मागे लागले, तो आयता समोर पडतोय म्हटल्यावर झेलणाऱ्यांचे हात जरा उशिराच पुढे येतात. अर्जात त्याची नोंद ‘विभागांमधील भिंती कोसळल्या’ अशी होते. कोसळलं कोण, ते लिहायला जागा नसते.

या जिल्ह्यात सन्मानांची तशी वाण नाही. प्रवरानगरच्या विठ्ठलराव विखे पाटलांना १९६१ साली पद्मश्री मिळाली. राळेगणच्या अण्णांना पद्मश्री आणि पद्मभूषण दोन्ही. २०२० साली तर हिवरे बाजारचे पोपटराव पवार आणि कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या दोघांची नावं एकाच यादीत आली. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंकडून लोक गावठी बियाणं जपायला शिकतात, हे साहेब प्रत्येक क्लासमध्ये सांगतात. आपण क्लास घेतोय ही गोष्ट तेवढ्यापुरती ते विसरतात. कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार असतो, पण तो कामगाराला. साहेब कामगारांत मोडत नाहीत आणि मॅनेजमेंट त्यांना आपल्यात धरत नाही. त्यांच्यासाठी उरतो तो पुण्याच्या हॉटेलातला हॉल.

पुरस्काराच्या दिवशी ब्लेझर येतो. लग्नातला. बायको म्हणते, ‘अहो, बटण लावू नका, उघडाच ठेवा.’ चास, कामरगाव, सुपा, शिरूर, रांजणगाव. रांजणगावला गाडीतूनच हात जोडले जातात. पुढे वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तास जातो, तेवढ्यात साहेब आभाराचं भाषण तीनदा म्हणून बघतात. ड्रायव्हर तिसऱ्यांदा टाळ्याही वाजवतो.

हॉलमध्ये एसी असा की ब्लेझरचं सार्थक व्हावं. निळे दिवे, पडद्यावर फिरती अक्षरं, धडधड संगीत. आणि गोल टेबलांभोवती चाकण, वाळूज, रांजणगाव, सातपूर इथून आलेले डिट्टो असेच साहेब. काही मॅडमही आहेत आणि त्यांचे अर्ज जास्त नीट भरलेले आहेत. इथे खरी मैफल जमते. आपण काय करतो हे समजावून न सांगता बोलता येईल, अशी ही वर्षातली एकच जागा.

‘तुमच्याकडे हॉल आहे?’

‘आहे ना. टेबल टेनिसचं टेबल काढलं की हॉल.’

‘आमचं कँटीन. तीन ते साडेचार. मागे भांडी घासत असतात.’

‘कॉन्ट्रॅक्टवाल्यांना बसवता?’

‘बसवतो. शिकून झाले की सोडून जातात.’

‘आमच्याकडेच येतात ते. छान तयार केलेले असतात हो!’

एवढी मनापासून दाद त्यांना स्वतःच्या कारखान्यात कधी मिळाली नसेल.

पुरस्कारांचे गट इतके, की नाव न पुकारलेलं टेबल शोधून काढावं लागतं. गोल्ड आहे, सिल्व्हर आहे, ज्युरीची खास पसंती आहे, उदयोन्मुख आहे. जेवण पुरस्कारांनंतर, म्हणून टाळ्यांचा जोर दहा वाजेपर्यंत टिकतो, पुढे पनीर टिक्क्याच्या ताटलीमागे मान वळते. शेवटी आपल्या साहेबांचं नाव येतं. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. साहेबांनी ते अर्जात शुद्ध लिहिलेलं, पडद्यावरही ते शुद्धच उमटलेलं. पण निवेदिकेच्या हातात जुनी यादी. तिने ‘अहमदनगर’वर नजर टाकली आणि दणक्यात पुकारलं, ‘ऑल द वे फ्रॉम अहमदाबाद!’ नगरकराला हे नवीन नाही. आमची निम्मी पार्सलं गुजरात बघून येतात. साहेब उठले. वाघोलीत पाठ केलेलं भाषण करायचंच नव्हतं, प्रत्येकाला फोटोपुरते वीस सेकंद होते. साहेबांनी माइककडे पाहिलं, माइक निघून गेला.

पण फोटो उत्तम आला. शिरूरच्या अलीकडेच तो लिंक्डइनवर चढला. आपण किती नम्र झालो आहोत ते इंग्रजीत लिहून, खाली टीमचे आभार. टीम म्हणजे ते स्वतः आणि एक ट्रेनी, जो पुढच्या महिन्यात चाकणला चालला आहे. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेबाराला पहिला अंगठा आला तो सेकंड शिफ्ट सुटलेल्या नानांचा. त्यामागोमाग प्रॉडक्शनचा मेसेज: ‘अभिनंदन! उद्याचा क्लास रद्द, डिस्पॅच आहे.’

सकाळी साहेब ट्रॉफी कागदात गुंडाळून गेटवर आले. सिक्युरिटीवाले मामा जागचे हलले नाहीत.

‘साहेब, चलन?’

‘अहो मामा, पुरस्कार आहे हा.’

‘असंल. पण मटेरियल बिनकागदाचं आत जात नाही. तुम्हीच शिकवलं ना ते, मागच्या महिन्यात?’

साहेब चाट पडले. आपल्या क्लासमधलं कोणीतरी काहीतरी पाळतंय, हे ते पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. म्हणजे कर्कपॅट्रिकची थेट तिसरी पायरी, आणि पुराव्यासाठी हातात फॉर्म नाही! त्यांनी घाईघाईने मोबाइल काढून मामांचा फोटो घेतला, पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी. मामांनी इनवर्ड रजिस्टर ओढलं, तारीख घातली, ट्रॉफी हातात तोलून पाहिली आणि लिहिलं, ‘पितळी वस्तू, नग १.’ मग पेन थांबवून विचारलं, ‘रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?’